नमुना अपुरा आहे

४ ऑक्टोबर

आले एकदाची! टॅक्सीवाल्याने आधी भलत्याच फाटकापुढे उतरवलं, तिथल्या कुत्र्याने माझ्या बॅगेवर हक्क सांगितला, आणि मग रस्त्यापलीकडचा हा पांढरा दुमजली बंगला सापडला. खोली वरच्या मजल्यावर, माझ्या पसंतीची. चादर कडक इस्त्रीची, न्हाणीघरात एक केस नाही. पलंगाखाली वाकून पाहिलं, तिथेही धूळ नाही. नवऱ्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, पोहोचल्या पोहोचल्या पलंगाखाली शिरलीस म्हणजे तब्येत उत्तम आहे.

माझी किळस दोन्ही घरांत प्रसिद्ध आहे. हॉटेलात पेला तीनदा परत पाठवणारी सून म्हणून सासूबाई माझी ओळख करून देतात.

माहिती-सुरक्षेच्या परिषदेला आलेले शोधनिबंध वाचून कुठले घ्यायचे, कुठले परत धाडायचे हे ठरवायला आम्हा परीक्षकांना महिनाभर इथे ठेवलंय. एरवी हे काम प्रत्येक जण आपापल्या घरी करतो. पण मागे कुणीतरी न छापलेल्या निबंधातली घुसखोरीची युक्ती बाहेर फोडली, तेव्हापासून हा बंदोबस्त. फोन खालच्या कपाटात ठेवायचा, संध्याकाळी थोडा वेळ मिळतो. ते कपाट, बाहेरचं दार, आमच्या खोल्या, सगळं अंगठा टेकवून उघडतं. खाजगी मेल मात्र कामाच्या संगणकावरून पाहायला हरकत नाही.

परीक्षक म्हणून मला हे पहिलंच बोलावणं. आजवर मी लेखकांच्या रांगेत होते, लोकांचे फटके खाल्ले. आता फटके मारायची पाळी माझी. खोटं कशाला लिहू, मजा वाटतेय.

५ ऑक्टोबर

आमच्या अध्यक्षबाई साठीच्या, आखूड पांढरे केस, आवाज इतका हळू की माणूस आपोआप पुढे वाकतो. सगळ्याला 'छान' म्हणतात. रोज सकाळी स्वतः फवाऱ्याची बाटली आणि फडकं घेऊन प्रत्येकाचा कीबोर्ड पुसतात. मी मनात त्यांना तिथल्या तिथे शंभर गुण देऊन टाकले.

शेजारच्या टेबलावर एक वयस्क गृहस्थ. मी त्यांचं नाव खोडरबर ठेवलंय, कारण ज्या निबंधावर बसतात तो पुसूनच उठतात. तोंडावर सांगितलं तर इतके खूश झाले की स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले. उजव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरापाशी बाहेरच्या बाजूला वळलेलं. लहानपणी दारात सापडलं होतं म्हणे. विचार करताना तेच बोट टेबलावर वाजवतात. माणूस गोड आहे, पण पान उलटताना बोटाला थुंकी लावतो. त्याच पानांचा गठ्ठा नंतर माझ्याकडे येतो. मी कोपऱ्याला चिमटीत धरून पानं उलटते आणि ते हसतात. मला 'सोवळी' म्हणतात.

बाकीचे चौघे मागच्या खोल्यांत आहेत. त्यांचे विषय वेगळे, जेवायला तेवढी भेट.

७ ऑक्टोबर

आज सत्तेचाळीस क्रमांकाचा निबंध वाचला. लेखक कोण ते आम्हाला कळत नाही आणि परीक्षक कोण ते लेखकांना कळत नाही, असा नियम आहे. त्यामुळे हा मेंदू कुणाचा, याची उत्सुकता पोटात घेऊन बसायचं.

कल्पना अशी. आपण कीबोर्डवर टाइप करतो तेव्हा बोटांचा घाम, तेल, त्वचेचा भुगा कळांवर राहतो. लेखकांनी एक जंतू शोधलाय, तो या मळावर जगतो. कळांवर तो फवारून ठेवायचा. जिथे बोट पडेल तिथे त्याची पातळ साय धरते. जी कळ आधी दाबली तिच्यावरची साय जास्त जाड, नंतरची पातळ. म्हणजे कुठली अक्षरं दाबली एवढंच नाही, कुठल्या क्रमाने दाबली तेही कळतं. थोडक्यात, पासवर्ड उगवून येतो.

निबंधात छायाचित्रं आहेत. कळांवर पिवळसर, सुरकुतलेली साय. आलेला चहा मी तसाच परत पाठवला.

पण कल्पना भन्नाट आहे, हे मान्य केलंच पाहिजे. असलं काही मी आजवर वाचलेलं नाही. परीक्षणात लिहिलं: 'अत्यंत नवीन विचार. मात्र नमुना अपुरा आहे. केवळ सहा जणांवरून निष्कर्ष काढता येणार नाही.' खोडरबरांनी लिहिलं की कळा पुसल्या तर सगळं मुसळ केरात, तेव्हा पुसल्यावर काय उरतं ते दाखवा. तिसऱ्या परीक्षक खुद्द अध्यक्षबाई. त्यांनी लिहिलं, छान.

११ ऑक्टोबर

आमच्या शेऱ्यांना लेखकांचं उत्तर इतक्या लवकर यायला नको होतं. असल्या प्रयोगाला महिने लागतात.

सहाचे वीस जण झालेत. आणि खोडरबरांच्या प्रश्नाला उत्तर: कळा पुसल्या तरी बिघडत नाही, कारण तोवर साय बोटांवर चढलेली असते. कळ वाचायची गरजच नाही, बोट वाचलं तरी चालतं. सोबत बोटांची छायाचित्रं. बोटांच्या टोकांवर ज्या बारीक रेषा असतात त्या दिसत नाहीत. त्यांच्या जागी ओलसर, चकचकीत, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं काहीतरी. एका बोटाच्या नखाखालून ते फुगून बाहेर आलंय.

खाली ओळ: 'परीक्षकांच्या मौलिक सूचनांबद्दल लेखक मनःपूर्वक आभारी आहेत.'

ओठावर रुमाल धरून उरलेली पानं वाचली. खोडरबरांना म्हटलं, ही जिवंत माणसांची बोटं आहेत हो. त्यांनी बोट वाजवलं. मग म्हणाले, संमतिपत्रं जोडलीत, नियमाप्रमाणे आहे. आणि माझ्या नजरेला नजर न देता पुढचा शेरा लिहिला: साय काढल्यानंतर पुन्हा येते का, हे स्पष्ट करावे.

मी त्यांना आवरलं नाही. मीही लिहिलं की भाग घेणारे सगळे तरुण दिसतात, वयस्क त्वचेवरचे निष्कर्ष हवेत. सवयीने लिहून गेले. निबंध समोर आला की भोक शोधायचं, एवढंच आम्हाला येतं.

१४ ऑक्टोबर

तिसरी आवृत्ती आली. साय काढली आहे. कशी काढली ते तपशिलात दिलंय, इथे लिहिणार नाही. खाली नवी त्वचा नसते, पुन्हा सायच असते. आकृतीखाली मोजमापं, रंगीत आलेख, सगळं नीटनेटकं. मजकुरात एकही शुद्धलेखनाची चूक नाही. जेवण गेलं नाही. पाणीसुद्धा बुळबुळीत लागलं.

माझ्या टेबलाला दोन दिवस वास येतोय. न वाळलेल्या फडक्याचा. मी खालून, मागून, सगळीकडून पुसलं. वास कळांना आहे.

मागच्या चौघांचं काम संपलं म्हणे, ते सकाळीच गेले. निरोपसुद्धा घेतला नाही.

१६ ऑक्टोबर

आज सत्तेचाळीस क्रमांकावर बैठक. मी सरळ सांगितलं की हा निबंध छापायचा प्रश्नच येत नाही, पोलिसांत द्यायचा आहे. माझा आवाज चढला होता. अध्यक्षबाईंनी ऐकून घेतलं, माझ्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात कोमट आणि किंचित ओला होता. म्हणाल्या की हळव्या मनाने विज्ञान होत नाही. आणि यातली प्रत्येक गोष्ट परीक्षकांनी मागितली म्हणून लेखकांनी केली. कुणी मागितली ते कागदावर आहे.

मी हात काढून घेतला आणि सगळ्यांसमोर साडीच्या पदराला पुसला. पुसायचं थांबवताच येईना.

बैठक संपल्यावर खोडरबर जिन्यात मला गाठून म्हणाले, सोवळे, तुझं बरोबर आहे, मीही नाकारतो. त्यांनी दोन बोटांना चिकटपट्टी बांधली होती. विचारलं तर म्हणाले, कागदाने कापलं.

मी संगणकावर शिफारस नोंदवली: नाकारावा. कारणं लिहिली. बरं वाटलं.

१७ ऑक्टोबर

माझी शिफारस बदलली आहे.

माझ्याच खात्यातून, माझ्याच नावाने. 'स्वीकारावा. या परिषदेतला सर्वोत्तम निबंध. शोधूनही भोक सापडलं नाही.' भाषा माझी आहे. 'भोक' हा शब्दसुद्धा माझा. मी पासवर्ड बदलला, पुन्हा 'नाकारावा' केलं. जेवून आले, पुन्हा 'स्वीकारावा'. परत बदलला. लांबलचक, कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही असा. चहा होईस्तोवर पुन्हा तेच.

मग अध्यक्षबाई आल्या. फवारा, फडकं. माझ्या कळा पुसू लागल्या. फडक्याचा तो वास आला आणि मला

मला कळलं. ती पुसत नव्हती. पेरत होती. रोज सकाळी, आम्हा सगळ्यांच्या टेबलांवर, आणि मी तिला शंभर गुण दिले होते.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, छान.

लेखक कोण ते आता मला ठाऊक आहे. स्वतःचा निबंध स्वतःच तपासायला घेऊन बसलेली बाई.

१८ ऑक्टोबर

खोडरबर नाहीत. टेबल रिकामं. बाई म्हणाली, घरून निरोप आला, गेले. त्यांचा चष्मा मात्र इथेच आहे. चष्म्याशिवाय ते ताटातलंसुद्धा शोधत बसायचे.

बॅग भरली. खाली गेले. दाराला अंगठा लावला. लाल दिवा. पुसून लावला. लाल. डावा लावला. लाल. फोनच्या कपाटालाही तेच.

बोटं उजेडात धरून पाहिली.

रेषा नाहीत. एकाही बोटाला नाहीत. गुळगुळीत, पिवळट, जसं काही दुधात बुडवून काढलीत. साबण. गरम पाणी. फरशी घासायचा ब्रश. रक्त आलं नाही. दुखलंही नाही. ब्रशच्या केसांत तंतू अडकले, लांबच लांब, ओढले की ताणले जाणारे—

ओकारी झाली. पुन्हा झाली.

खालच्या खिडक्यांना जाळ्या आहेत. खुर्ची मारून पाहिली, खुर्ची मोडली.

१९ ऑक्टोबर

नवऱ्याला मेल पाठवावं म्हणून बसले. रुमाल गुंडाळून टाइप केलं. माझ्या खात्यातून त्याला आधीच मेल गेलंय. मी मजेत आहे, काम वाढलंय, आणखी थोडे दिवस राहते, फोन करू नकोस. खाली त्याचं उत्तर: बरं, जप. मी लिहिलेलं पाठवलं आणि डोळ्यांदेखत पुसलं गेलं.

निबंधाची चौथी आवृत्ती उघडून ठेवली होती, माझ्यासाठीच. वयस्क त्वचा. मी मागितली होती ती. पहिल्याच चित्रात एक हात, कोमट पाण्याच्या पसरट ताटात. मधलं बोट पहिल्या पेरापाशी बाहेरच्या बाजूला वळलेलं.

चित्राखाली लिहिलंय: परीक्षक दोन यांच्या सूचनेनुसार.

मी परीक्षक दोन.

२० ऑक्टोबर

सकाळी बाई फाटकाशी कुणाशी तरी बोलत होती तेव्हा स्वयंपाकघरामागच्या कोठीचं दार लोटलं. नुसती कडी होती. आत दमट, उबदार, नाकात बसणारा गोडसर वास. मांडण्यांवर काचेखाली कीबोर्ड. गेलेल्यांचे. साय इतकी जाड की अक्षरं दिसत नाहीत. जमिनीवर मागच्या चौघांपैकी एकाची चप्पल. एकच.

खुर्चीत खोडरबर. बांधलेले नव्हते. दोन्ही हात मनगटापर्यंत ताटात, आणि ताटातलं पाणी पाणी नव्हतं, ते त्यांच्या कोपरापर्यंत चढत होतं. मी काका म्हणून हाक मारली. आजवर कधी मारली नव्हती.

त्यांनी डोळे किलकिले केले.

"सोवळी का?"

"चला काका, उठा. मी धरते."

"धरू नकोस. शिसारी येईल तुला."

मी धरलं. ओढलं. ताटातून हात वर आला आणि ताटही हाताबरोबर वर आलं. चिकटलेलं. मध्ये तार, तार, तार—

"नमुना अपुरा आहे म्हणाली होतीस ना," ते म्हणाले. रागाने नाही. एखाद्याला वेळ सांगावी तसं. "आता बघ, पुरेल."

मी पळाले. त्यांना तिथे ठेवून.

२१ ऑक्टोबर

उघडं ठेवलेलं खोलीचं दार रात्री कुणीतरी बाहेरून बंद केलं. आतून अंगठा लागत नाही. खिडकीला जाळी, छताजवळचा झरोका तेवढा उघडा.

साय तळहातावर उतरली. बोटं एकमेकांना चिकटतात. सकाळी दातांनी सोलायला गेले. निघाली. उजव्या हाताची, हातमोजा काढावा तशी. खाली तांबडं ओलं मांस असेल असं वाटलं होतं. खाली तीच.

आणि तोंडात राहिली. थुंकले, थुंकले, टॉवेलने जीभ खरवडली. जाड होत चाललीय. टाळ्याला चिकटते. चव गोड आहे. गोड आहे हे सगळ्यात घाण.

बाईने दाराखालून कागद सरकवला. तिला माझं मत हवंय. चव येणं ही नवीन माहिती आहे म्हणे, निबंधात घालता येईल.

२२ ऑक्टोबर

आवाज गेला. ओरडले तर नुसती हवा. फुस्स.

पेन मुठीत धरून लिहितेय. चिकटलेलंच आहे, पडायची भीती नाही. हसू आलं. मी. हॉटेलातले पेले परत पाठवणारी.

२३ ऑक्टोबर

गाडी थांबली. फाटक वाजलं.

तो आलाय. खालून त्याचा आवाज झरोक्यातून स्वच्छ येतोय. बाईला हसत सांगतोय, "तिच्या मेलमध्ये एकही तक्रार नव्हती हो, म्हणून म्हटलं बघून यावं, बरी आहे ना."

देवा. शहाणा माझा.

दारावर मुठी मारतेय. मुठी मऊ झाल्यात, थप थप एवढंच होतं. डोकं आपटलं. तो विचारतोय, वर काय चाललंय. ती म्हणतेय, सुतार आहेत. तुमच्या सौ. बाहेर गेल्यात, येतीलच, बसा.

हे पान फाडून झरोक्यातून टाकते. अंगणात त्याच्यासमोर पडलं तर— ऐक, पळ, आधी पळ, पोलीस मग, मला घ्यायला वर येऊ नकोस, कशालाही हात

ती त्याला माझ्या टेबलाशी नेतेय, बरोबर या खोलीखाली. येणाऱ्याने नाव-गाव लिहायचं असतं म्हणे, संगणकावर, दोन मिनिटांचं काम. खुर्ची सरकली.

नको. रुमाल घे. काहीतरी घे. कळांना बोट

वाजतायत. त्याचं टाइप करणं मला ओळखू येतं, दोन बोटांनी, शोधत शोधत, एक कळ, थांबतो, दुसरी कळ. ती म्हणतेय, छान. सावकाश करा.

सोड ते, ऊठ, हात धू, हात

झरोका वर आहे, पलंगावर चढते, पान हाताला चिकटलंय, सुटत नाही, अरे सुट ना, सु